निलगिरीच्या दोन जाती ओळखण्याची रीत: टेरेटिकॉर्निस आणि कॅमाल्डुलेन्सिस

महाराष्ट्रात शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि सामाजिक वनीकरणाच्या जुन्या पट्ट्यांत जी निलगिरी दिसते, ती बहुतेक ठिकाणी युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस किंवा युकॅलिप्टस कॅमाल्डुलेन्सिस या दोन जातींपैकी एक असते, नाहीतर या दोघींचा संकर असतो. दोन्ही जाती मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या असून तिथे त्यांना त्यांच्या तांबड्या लाकडावरून ‘रेड गम’ म्हणतात. दोघींची साल गुळगुळीत, पाने लांबट व लोंबती आणि फुले पांढरी असतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात आणि रोपवाटिकेच्या पावतीवरही पुष्कळदा नुसते ‘निलगिरी’ एवढेच लिहिलेले असते. मात्र पुरात उभे राहण्याची ताकद, लाकडाचा जडपणा, खोडाचा सरळपणा या बाबतींत दोघींच्या स्वभावात फरक आहे, आणि जो माणूस रोपे लावणार आहे, जुन्या झाडांवरून बी धरणार आहे किंवा एखाद्या उद्यानातल्या झाडावर नावाची पाटी लावणार आहे, त्याला हा फरक माहीत असायलाच हवा.

पुढची सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे. निलगिरीची जात सालीवरून, उंचीवरून किंवा नुसत्या पानावरून ठरवू नये. निर्णय कळीचे टोपण आणि बी यांच्यावर सोडावा. बाकीच्या खुणा पुरावा म्हणून जोडाव्यात, पण टोपण आणि बी न पाहता केवळ त्यांच्या जोरावर नाव लिहू नये.

आधी बाकीच्या निलगिऱ्या बाजूला काढाव्यात

सुरुवातीला एक पान चुरगाळून त्याचा वास घ्यावा. लिंबासारखा किंवा गवती चहासारखा स्पष्ट वास आला, तर ते झाड लिंबू-निलगिरीचे, म्हणजे सिट्रिओडोराचे आहे. या झाडाला १९९५ साली हिल आणि जॉन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी युकॅलिप्टसमधून काढून कोरिंबिया या वेगळ्या प्रजातीत घातले, त्यामुळे नव्या पुस्तकांत ते कोरिंबिया सिट्रिओडोरा या नावाने सापडते. त्याचे फळ सुरईच्या आकाराचे असते आणि तेवढी एक खूणही ते बाजूला काढायला पुरते.

दुसरे झाड म्हणजे उटीच्या परिसरातले ब्लू गम, युकॅलिप्टस ग्लोब्युलस. नीलगिरी पर्वतात जळणाच्या लाकडासाठी त्याची लागवड १८४३ पासून होत आली आणि औषधी तेलाशी निलगिरीचे नाव जोडले गेले ते मुख्यतः याच झाडामुळे. त्याच्या कोवळ्या फांद्या चौकोनी असतात, कोवळी पाने समोरासमोर, बिनदेठाची आणि पांढुरक्या निळसर लेपाची असतात. कळ्या बहुधा एकेकट्या, मोठ्या आणि खरबरीत असतात, तर फळ दीड ते तीन सेंटिमीटर रुंद असते. हे झाड थंड डोंगराळ हवेतले आहे. दख्खनच्या पठारावर किंवा विदर्भात कोणी बांधावरच्या निलगिरीला ग्लोब्युलस म्हणत असेल, तर कळी पाहिल्याशिवाय ते मान्य करू नये.

या दोन चाळण्यांतून सुटलेले झाड, ज्याच्या कळ्या पानांच्या बेचक्यात सात, नऊ किंवा अकरांच्या झुबक्याने येतात आणि ज्याचे फळ ज्वारीच्या दाण्याहून थोडेच मोठे असते, ते आपल्या कामाचे.

नमुना कसा घ्यावा

साहित्य फार लागत नाही. मिलिमीटरच्या खुणांची फूटपट्टी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक पांढरा कागद आणि काही कागदी पाकिटे पुरेत. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये, कारण तीत ओल धरून फळांना बुरशी येते आणि बी उघडून पाहण्यासारखे राहत नाही. एका लागवडीत निदान पाच झाडे निवडावीत आणि तीही एका रांगेतली घेऊ नयेत. बियांपासून वाढवलेल्या जुन्या पट्ट्यांत शेजारशेजारची झाडे एकमेकांपासून इतकी वेगळी असतात की एका झाडावरून साऱ्या पट्ट्याला नाव देणे म्हणजे हमखास चूक करणे होय. प्रत्येक झाडाचे पाकीट वेगळे ठेवून त्यावर झाडाचा क्रमांक, गाव आणि तारीख लिहावी. उंच झाडावर चढण्याची किंवा फांदी तोडण्याची गरज सहसा पडत नाही, कारण सर्वांत महत्त्वाची खूण झाड स्वतःच खाली टाकत असते.

टोपण

निलगिरीच्या कळीचे दोन भाग असतात. खालचा पेला आणि त्यावर घट्ट बसलेले टोपण. फूल उमलते तेव्हा पाकळ्या उघडत नाहीत. आतले पुंकेसर वाढून टोपणाला वर ढकलतात, टोपण अखंड गळून पडते आणि पांढऱ्या पुंकेसरांचा गोंडा मोकळा होतो. बहर असताना झाडाखाली गुडघ्यावर बसून पाचोळा बाजूला केला, तर ही गळलेली टोपणे मातीवर विखुरलेली दिसतात. ती हिरवट-पिवळी असतात आणि वाळल्यावर तपकिरी होतात. दहा-पंधरा टोपणे वेचून कागदावर ओळीने मांडावीत आणि मोजावीत. त्यांबरोबरच झाडावरच्या न उमललेल्या दोन-चार पक्व कळ्या मिळाल्या तर फारच उत्तम, कारण पेला आणि टोपण यांचे प्रमाण अखंड कळीवरच नीट दिसते. कच्च्या कळ्या घेऊ नयेत. त्यांचे टोपण अजून वाढायचे असते आणि ते फसवते.

टेरेटिकॉर्निसचे टोपण लांब, शंकूसारखे किंवा किंचित वाकलेल्या शिंगासारखे असते. त्याची लांबी साधारण ५ ते १३ मिलिमीटर भरते आणि ते खालच्या पेल्याच्या दुपटीहून अधिक, कधी कधी चौपट लांब असते. जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १७९५ साली या जातीचे वर्णन केले तेव्हा तिचे नावही त्यांनी या शिंगावरूनच ठेवले.

कॅमाल्डुलेन्सिसची कळी त्या मानाने बुटकी आणि गोलसर असते. टोपण खाली घुमटासारखे फुगलेले असून टोकाशी एकदम निमुळते होते आणि त्याला बारीक चोच येते. टोपणाची एकूण लांबी बहुधा ३ ते ७ मिलिमीटर असते. कडेने पाहिले असता घुमट कुठे संपला आणि चोच कुठे सुरू झाली ही जागा स्पष्ट दिसते. टेरेटिकॉर्निसच्या टोपणात अशी मोड नसते, ते बुडापासून टोकापर्यंत एका रेषेत निमुळते होत जाते. लांबीपेक्षा ही मोड पाहण्याला मी अधिक महत्त्व देतो, कारण मोजमापे दोन्ही जातींत ५ ते ७ मिलिमीटरच्या आसपास एकमेकांवर चढतात, आकार मात्र सहसा तसा चढत नाही.

इथे दोन अडचणी लक्षात ठेवाव्या लागतात. २००९ साली कॅमाल्डुलेन्सिसची नव्याने मांडणी होऊन तिच्या सात उपजाती ठरवल्या गेल्या. त्यांपैकी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ‘ऑब्टुसा’ या उपजातीच्या टोपणाला चोचच नसते, ते नुसते बोथट गोल असते. ही अडचण फार मोठी नाही, कारण बोथट गोल टोपण टेरेटिकॉर्निसचे असू शकत नाही. खरी अडचण उत्तर क्वीन्सलंडमधल्या ‘सिम्युलाटा’ या उपजातीची आहे. ती कॅमाल्डुलेन्सिस असूनही तिचे टोपण लांब आणि शिंगासारखे असते, हुबेहूब टेरेटिकॉर्निससारखे. भारतात कॅमाल्डुलेन्सिसच्या ज्या चाचणी-लागवडी झाल्या, त्यांत उत्तर क्वीन्सलंडच्या पेटफोर्ड भागातले बी पुष्कळ वापरले गेले आणि ते चांगलेही उतरले. म्हणून आपल्याकडे लांब टोपण दिसले की लगेच ‘टेरेटिकॉर्निस’ लिहून मोकळे होणे धोक्याचे आहे. अशा वेळी निकाल बी देते.

बी

पिकलेली पण अजून न उघडलेली तपकिरी फळे गोळा करावीत. ती कागदी पाकिटात घालून दोन-तीन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवली की त्यांच्या झडपा उघडतात आणि आतला ऐवज पाकिटात सांडतो. तो पांढऱ्या कागदावर ओतावा. जे पडेल त्यातला बहुतेक भाग बी नसून फोल असतो, म्हणजे फलन न झालेले बारीक, हलके कण असतात, आणि नवखा माणूस नेमके हेच बी समजून त्यांचा रंग पाहतो. कागद किंचित तिरपा करून हलकी टिचकी मारली की भरलेले बी आणि फोल वेगवेगळे सरकतात. भरलेला दाणा नखाने दाबला तर आत पांढरा, टणक गर दिसतो. फोलात काहीच नसते. रंग आणि आकार पाहायचा तो फक्त भरलेल्या दाण्यांचा.

कॅमाल्डुलेन्सिसचे बी पिवळे ते पिवळसर तपकिरी असते, त्याचा आकार ठोकळ्यासारखा, कोनाकोनांचा असतो आणि त्याला दोन आवरणे असतात. सुईच्या टोकाने वरचे पिवळे आवरण खरवडले तर खाली दुसरे, अधिक गडद आवरण भिंगातून दिसते. टेरेटिकॉर्निसचे बी गडद तपकिरी ते काळे, लांबट आणि एकाच आवरणाचे असते. त्याच्या कडेला बारीक दाते असतात. दोन्ही जातींचे भरलेले दाणे एका कागदावर शेजारी ठेवले, तर साध्या डोळ्यांनाही रंगातला फरक कळतो, आणि एकदा तो पाहिला की पुन्हा गोंधळ होत नाही. ‘सिम्युलाटा’चे टोपण टेरेटिकॉर्निससारखे असले तरी तिचे बी कॅमाल्डुलेन्सिसचेच, म्हणजे पिवळे आणि दुहेरी आवरणाचे असते. लांब टोपण आणि पिवळे बी ही जोडी एका झाडावर सापडली, तर ‘सिम्युलाटा’ किंवा संकर या दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात. जात ठरवायला मला यापेक्षा खात्रीची दुसरी खूण माहीत नाही, आणि तरीही आपल्याकडच्या बहुतेक नोंदींत बियांच्या रंगाचा उल्लेखही नसतो, याचे वाईट वाटते.

साल, पाने आणि फळ

साल दोन्ही जातींची मोठ्या ढलप्यांनी सोलून निघते आणि खोडावर पांढरे, राखी, निळसर, फिकट गुलाबी असे चट्टे उमटतात. कॅमाल्डुलेन्सिसच्या बुंध्याशी जुन्या सालीचे खरबरीत थर अनेकदा चिकटून राहिलेले दिसतात. पण टेरेटिकॉर्निसच्या बुंध्याशीही थोडी जुनी साल राहते, आणि ऋतूनुसार रंग बदलत असल्याने या खुणेवर भर देऊ नये.

मोठ्या झाडाच्या पानांतून फारसे काही निघत नाही, कारण दोन्हींची पाने लांबट, निमुळती आणि कोयत्यासारखी किंचित वाकलेली असतात. छाटलेल्या बुंध्यावरचे फुटवे मात्र पाहावेत, कारण फुटव्याला रोपट्यासारखी कोवळ्या अवस्थेतली पाने येतात. टेरेटिकॉर्निसच्या फुटव्याची पाने रुंद, अंडाकृती आणि हिरवी असतात, काही वेळा तळहाताएवढी रुंद. कॅमाल्डुलेन्सिसची त्या मानाने अरुंद आणि राखी-निळसर झाक असलेली असतात. तोडलेल्या लागवडीत कळ्या-फळे नसतात, तेव्हा हीच एक खूण हाती राहते. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष ‘बहुधा’ असे म्हणून लिहावा.

फळ दोन्हींचे छोट्या अर्धगोलासारखे असते आणि झडपा काठाच्या वर उचललेल्या असतात. कॅमाल्डुलेन्सिसचे फळ अधिक सडपातळ देठावर असते, एवढे सांगून पुढे जाता येईल.

मूळ प्रदेश कळला की जमीन निवडता येते

कॅमाल्डुलेन्सिस ही ऑस्ट्रेलियात सर्वांत दूरवर पसरलेली युकॅलिप्टस जात आहे. टास्मानिया वगळता मुख्य भूमीवरच्या सगळ्या राज्यांत ती आढळते आणि तिचे खरे घर नदीकाठ आहे. मरे नदीवरचे बार्मा–मिलेवाचे जंगल हे तिचे सर्वांत मोठे जंगल. तिथे पुराचे पाणी आठवडेच्या आठवडे झाडांच्या बुंध्याशी उभे राहते आणि झाडे त्यावरच जगतात. पूर कमी झाले की जंगल सुकू लागते. तिथल्या मूळ रहिवाशांनी होडीसाठी खोडाची साल अखंड सोलून घेतल्याचे लांबट व्रण अनेक जुन्या झाडांवर आजही दिसतात. गंमत अशी की या ऑस्ट्रेलियन झाडाला शास्त्रीय नाव मिळाले ते इटलीतल्या नेपल्सजवळच्या कामाल्डोली बागेत वाढवलेल्या झाडावरून. डेनहार्ट यांनी ते १८३२ साली दिले.

टेरेटिकॉर्निस पूर्व किनाऱ्यालगतची आहे. व्हिक्टोरियापासून न्यू साऊथ वेल्स आणि क्वीन्सलंडमार्गे ती थेट पापुआ न्यू गिनीपर्यंत जाते. हा अधिक पावसाचा प्रदेश आहे आणि ती तिथल्या गाळाच्या सुपीक सपाटीवर आणि उतारांवर वाढते. क्वीन्सलंडमध्ये कोआला जी पाने खातो त्यांत हिच्या पानांना महत्त्वाचे स्थान आहे.

यावरून व्यवहाराचा नियम निघतो. जिथे पावसाळ्यात पाणी साचून राहते, जिथे जमीन क्षारपड झाली आहे किंवा पाऊस अत्यंत कमी आहे, तिथे कॅमाल्डुलेन्सिसचा विचार आधी करावा. मात्र तिच्यातही कोणत्या प्रदेशातले बी आहे त्यावर क्षार सोसण्याची ताकद पुष्कळ बदलते, म्हणून ‘कॅमाल्डुलेन्सिस आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान न मानता बियांचे मूळ ठिकाण विचारावे. जमीन निचऱ्याची, खोल आणि पाऊस बरा असेल, आणि सरळ बल्ल्या हव्या असतील, तर टेरेटिकॉर्निस अधिक चांगली उतरते. कॅमाल्डुलेन्सिसचे खोड वाकडेतिकडे होण्याकडे झुकते. नैसर्गिक जंगलातल्या पक्व झाडाचे वाळलेले लाकूड कॅमाल्डुलेन्सिसमध्ये दर घनमीटरला सुमारे ९०० किलो, तर टेरेटिकॉर्निसमध्ये सुमारे १,०५० किलो भरते. लागवडीतल्या कोवळ्या लाकडाचे आकडे याहून बरेच कमी असतात, म्हणून हे आकडे दाखवून कोणी बल्ल्यांचा भाव सांगत असेल तर सावध राहावे. तोडणीनंतर फुटवे दोन्ही जाती जोमाने देतात. दोन्हींची मुळे पाण्यासाठी खोल जातात, तेव्हा विहिरीजवळ आणि पिकाच्या अगदी कडेला दोन्हींपैकी एकही लावू नये.

रोपे घेताना पानांच्या शिरेवर आणि देठावर गाठी आहेत का, ते उलटसुलट करून पाहावे. या गाठी लेप्टोसायबी इन्व्हेजा नावाच्या, मिलिमीटरभर लांबीच्या माशीसारख्या किड्यामुळे होतात. २००४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि या दोन्ही जाती त्याला बळी पडतात, त्यामुळे जातीवरून नव्हे तर प्रत्यक्ष रोप पाहूनच खात्री करावी.

संकर, क्लोन आणि जुनी नावे

वरच्या खुणांनी प्रत्येक झाड एका बाजूला पडेलच असे नाही. भारतातल्या जुन्या लागवडी ज्या ‘मैसूर गम’च्या बियांवर उभ्या राहिल्या, त्याचा उगम बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवर टिपू सुलतानाच्या काळात, १७९०च्या सुमारास लावलेल्या झाडांत असल्याचे मानले जाते. वनखात्याच्या कागदांत त्याला वर्षानुवर्षे ‘युकॅलिप्टस हायब्रिड’ म्हटले गेले, पण त्याची बहुसंख्य झाडे टेरेटिकॉर्निसच्याच वळणाची आहेत. याउलट देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे एफआरआय-४ आणि एफआरआय-५ हे याच दोन जातींचे जाणूनबुजून केलेले संकर आहेत. म्हणून कागदावर ‘हायब्रिड’ दिसले की त्याचा अर्थ लागवडीच्या काळानुसार लावावा आणि झाड तपासूनच पक्का करावा.

अलीकडच्या लागवडी बहुतांशी क्लोनच्या असतात, म्हणजे एकाच निवडलेल्या झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या रोपांच्या. भद्राचलमच्या कागद कारखान्याने वाढवलेले क्लोन महाराष्ट्रातही पुष्कळ शेतकऱ्यांनी लावले आहेत. क्लोनच्या शेतात सगळी झाडे एकसारखी असल्याने पाच झाडे तपासण्याची गरज नाही. तिथे क्लोनचा क्रमांक मागून तो नोंदीत लिहिणे अधिक उपयोगाचे.

जुन्या पुस्तकांत आणि उद्यानांच्या याद्यांत ‘युकॅलिप्टस रोस्ट्राटा’ असे नाव आले तर ती कॅमाल्डुलेन्सिस समजावी आणि ‘युकॅलिप्टस अंबेलाटा’ आले तर टेरेटिकॉर्निस. नावे बदलली तरी झाड तेच आहे, याची खात्री पुन्हा टोपण आणि बी पाहूनच करावी.

तपासणी संपल्यावर नोंदीत पाच गोष्टी याव्यात. टोपणाचा आकार व लांबी, टोपण आणि पेला यांचे प्रमाण, भरलेल्या बियांचा रंग व आवरणे, फुटव्याच्या पानांची रुंदी, आणि जमिनीचा प्रकार. खुणा दोन्हीकडच्या मिसळलेल्या निघाल्या तर ‘टेरेटिकॉर्निस आणि कॅमाल्डुलेन्सिस यांचा संभाव्य संकर’ असे स्पष्ट लिहावे. ओढूनताणून एका जातीत बसवलेली नोंद पुढच्या प्रत्येक वाचकाला चुकीच्या वाटेला लावते. ज्यांना पक्के मत हवे असेल त्यांनी कळ्या, फळे आणि पाने असलेली डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी, सोबत बियांचे वेगळे पाकीट जोडावे, आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रातल्या किंवा आघारकर संशोधन संस्थेतल्या वनस्पती-संग्रहात ते कधी दाखवता येईल याची आधी चौकशी करावी. पानेच असलेली डहाळी घेऊन जाऊ नये, कारण कळी आणि बी नसेल तर तिथला तज्ज्ञही नाव सांगू शकणार नाही.